सायकल लेन ओलांडून वळताना गाडीवाल्याने नेमकं काय करायचं

डावीकडे वळायचं म्हणजे इंडिकेटर दिला, स्टिअरिंग फिरवलं, झालं, असंच आपण धरून चालतो. पण डाव्या हाताला सायकल लेन असेल तर ती चालू लेन आहे आणि आपण तिला आडवं जातोय. मधल्या लेनमधून कुणी तुमच्यासमोर असा कट मारला तर शिव्या घालाल ना, हे तेच आहे, फक्त सायकलवाल्याभोवती पत्रा नसतो. (मी डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्यांच्या हिशोबाने लिहितोय, उजव्या बाजूवाल्यांनी उलटं करून वाचा.)

खरी चूक वळणावर होत नाही, त्याच्या आधी होते, ओव्हरटेक करताना. सायकल ताशी २० किमीने येत असेल तर सेकंदाला साडेपाच मीटर कापते, म्हणजे तुम्ही ब्रेक मारून वळायला तीन सेकंद घेतले की ती १६-१७ मीटर पुढे आलेली असते, आणि तोवर तुमचा स्पीड १५ वर आलेला, म्हणजे आता तीच तुमच्यापेक्षा फास्ट आहे! आपल्या डोक्यात मात्र ‘मागे टाकली की संपली’. त्यामुळे वळण जवळ आलंय आणि पुढे सायकल दिसतेय तर ओव्हरटेक करूच नका, तिच्या मागे राहा, ती चौक पार करून गेली की आरामात वळा, फार तर चार-पाच सेकंद जातात.

वळायच्या आधी इंडिकेटर लवकर द्या, आतला आरसा बघा, डावा आरसा बघा आणि मग मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे बघा. ही मान वळवायची पायरी मी पण कित्येक वर्षं गाळायचो. एकदा आरशात काहीच नव्हतं म्हणून वळायला घेतलं आणि डाव्या दारावर धपाधप थापा ऐकू आल्या, बघतो तर सायकलवाला एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पत्रा बडवतोय. ब्लाइंड स्पॉट काय असतो ते त्या दिवशी कळलं.

आता लेनमध्ये शिरायचं की बाहेरूनच वळायचं? इथे नियम जागेप्रमाणे बदलतो. अमेरिकेतच बघा, कॅलिफोर्नियात वळायच्या आधी शेवटच्या २०० फुटांत, जागा मोकळी आहे बघून, सायकल लेनमध्ये शिरून कडेला यायचं आणि तिथून वळायचं, म्हणजे सायकल आपोआप तुमच्या मागे राहते किंवा दुसऱ्या बाजूने निघते. शेजारच्या ओरेगॉनमध्ये मात्र लेनच्या बाहेर थांबून सायकलला आधी जाऊ द्यायचं आणि मग लेन ओलांडून वळायचं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय की सरळ जाणाऱ्या सायकलला आडवं जाऊन वळू नका. त्यामुळे नवीन ठिकाणी चालवणार असाल तर एवढा एक नियम आधी वाचून घ्या. आणि लेनला खांब किंवा कठडा असेल तर आत शिरायचा प्रश्नच नाही, बाहेर थांबायचं.

उजवीकडे वळताना वेगळीच गंमत. समोरून येणारा ट्रक थांबून तुम्हाला ‘जा जा’ म्हणून हात करतो, तुम्ही खूश होऊन घुसता, आणि त्या ट्रकच्या पलीकडून सायकल लेनमधली सायकल सुसाट येते. ट्रकवाल्याने स्वतःच्या लेनपुरता रस्ता दिलाय, सायकल लेनचा नाही, म्हणून ट्रकच्या पुढे हळूहळू नाक काढा आणि दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोठी गाडी असेल तर मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, तोंड सुटलं म्हणजे शेपूट सुटलं असं नाही, वळण पूर्ण होईपर्यंत डावा आरसा सोडू नका.

आणि काही सायकल ट्रॅक दुतर्फा असतात, तिथे मागून आणि समोरून दोन्हीकडून सायकली येतात. जमिनीवरचे बाण बघा, दोन दिशांचे दिसले तर मान पण दोन्हीकडे फिरवायची.