कुत्र्याच्या चेहऱ्यावरील घड्या चिघळू नयेत म्हणून

पग, बुलडॉग, पेकिनीज अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या नाकावर कातडीच्या ज्या घड्या असतात, त्यांच्या तळाशी वारा लागत नाही. तेथे अश्रू, लाळ आणि अन्नाचे कण साचतात, कातडीवर कातडी घासते आणि त्या ओलाव्यात जिवाणू व यीस्ट वाढून त्वचा लाल, चिकट आणि कुबट वासाची होते. सोलापूरचा उन्हाळा रखरखीत असल्यामुळे घडी आपोआप वाळत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु धापा टाकणारे कुत्रे दिवसभर पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवते, लाळ गाळते आणि कूलरच्या दमट झोतात झोपते, म्हणून मे महिन्यातही घडीचा तळ ओलाच राहतो.

स्वच्छता करण्यापूर्वी कुत्र्याला उजेडात बसवून घडी अंगठ्याने हलकेच उघडावी आणि आत पाहावे. नुसती लाली व थोडा मळ असेल तर घरी निगा राखता येते. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइन वापरावे, किंवा अर्धा लिटर पाणी उकळून गार करून त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ विरघळवावे. त्यात भिजवून पिळलेली गॉजची (मलमपट्टीच्या जाळीदार कापडाची) पट्टी बोटाला गुंडाळून डोळ्याकडून बाहेरच्या दिशेने अलगद पुसावे. सुटलेला मळ घासून काढू नये, पुन्हा ओल्या गॉजने मऊ करून काढावा. कापसाचे तंतू आत अडकतात, म्हणून कापूस टाळलेला बरा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे वाइप्स पशुवैद्यकाने सांगितले असतील तर तेही डोळ्यापासून दूरच वापरावेत, कारण ते डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते.

यानंतरचे काम बहुतेक जण घाईने उरकतात, आणि माझ्या मते दुखणे तेथेच वाढते. पुसून ओली ठेवलेली घडी न पुसलेल्या घडीपेक्षा फारशी बरी नसते. आपल्या सोलापुरी टॉवेलचा कितीही अभिमान असला तरी त्याचा जाड, खरखरीत पोत येथे कामाचा नाही. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे धुतलेले मऊ फडके घ्यावे, ते घडीच्या तळापर्यंत नेऊन घासण्याऐवजी टिपावे, आणि फडक्यावर ओल दिसेनाशी होईपर्यंत कोरडी बाजू बदलत राहावे. हेअर ड्रायरची गरम हवा लावू नये. लाली असेपर्यंत हे दिवसातून एकदा किंवा दोनदा करावे. पुढे घडी किती खोल आहे त्यानुसार रोज किंवा एक-दोन दिवसांआड पुरते. जेवणानंतर आणि पाणी प्यायल्यावर तोंड टिपण्याची सवय मात्र कायम ठेवावी.

खोबरेल तेल ओलावा आत कोंडते, पावडरीचे ओलाव्यात गोळे होतात आणि स्पिरिट किंवा डेटॉल चिघळलेल्या त्वचेला झोंबते. माणसांसाठीची मलमे तर लावूच नयेत: खाज थांबवणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते, त्याने त्वचा पातळ होते, आणि कुत्रे ते चाटून पोटात घेते. झिंक ऑक्साइडची मलमे चाटल्यास विषबाधाही होऊ शकते.

पू, रक्त, व्रण, तीव्र दुर्गंधी किंवा हात लावताच कळवळणे यांपैकी काही दिसले, अथवा चार-पाच दिवसांच्या निगेनेही फरक पडला नाही, तर पशुवैद्यकाकडे जावे. डोळा मिटलेला, लाल किंवा धुरकट दिसत असेल तर त्याच दिवशी जावे, कारण घडीवरचे केस बुबुळावर घासून जखम होते. पशुवैद्यक घडीतील स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जिवाणू आहेत की यीस्ट हे कळल्यावरच योग्य औषध ठरते, म्हणून जाण्याच्या दिवशी घडी पुसून नेऊ नये. त्रास वारंवार उलटत असल्यास ॲलर्जी आणि वाढलेले वजन यांचाही विचार करावा लागतो. शस्त्रक्रियेने घडी काढता येते. पण चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देणे अधिक जोखमीचे असल्याने तो निर्णय डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच घ्यावा.