आम्ही पाइप टाकला नाही, मी टाकला

दिवाळीला ऑस्ट्रेलियातून लातूरला आलो की गंजगोलाईजवळच्या टपरीवर कुणी ना कुणी गाठतंच. यंदा तिघं होते. औशाचा एक सिव्हिलवाला, वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला असलेला एक मेकॅनिकल आणि माझ्याच कॉलेजची एक ज्युनिअर. "दादा, ऑस्ट्रेलियाचं नेमकं काय असतंय?" एजंटाने तिघांनाही वेगवेगळं सांगितलेलं. म्हणून आपल्याकडच्या इंजिनिअरने तिकडे जाऊन नोकरी मिळवायची तर काय लागतं, ते एकदा लिहूनच काढतो.

पहिलं म्हणजे डिग्री. एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या, असा देशोदेशींच्या संस्थांचा वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा करार आहे. 2014 पासून भारत त्याचा पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा फायदा एनबीए या आपल्या मान्यता मंडळाने टिअर-1 मान्यता दिलेल्या कोर्सलाच, तोही मान्यतेच्या काळात पास झालेल्यांना. आपल्याकडच्या बहुतेकांच्या वाट्याला येतो तो सीडीआर, म्हणजे आपली इंजिनिअरिंगची क्षमता दाखवणारा अहवाल. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तपासणाऱ्या संस्थेकडे तुमच्या कामाचे तीन 'करिअर एपिसोड' द्यायचे, प्रत्येकी 1000 ते 2500 शब्द, परिच्छेदांना नंबर टाकून. शिवाय समरी स्टेटमेंट, आणि आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत किमान 6.

माझं घोडं इथंच अडलं. 2016 च्या उन्हाळ्यात मी एका ठेकेदाराकडे ज्युनिअर इंजिनिअर होतो. मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. यावर एपिसोड लिहायला बसलो आणि लिहिलं, "आम्ही टँकर पॉइंटपर्यंत तात्पुरती पाइपलाइन टाकली." लिहिलेलं सगळं असंच. आम्ही पाहणी केली, आम्ही पंप बसवला. आपल्याकडे साहेबांसमोर 'मी केलं' म्हणणारा आगाऊ ठरतो, ती सवय हाडात मुरलेली. तपासणाऱ्याला मात्र 'आम्ही'शी काही देणंघेणं नसतं. तुम्ही स्वतः कोणता निर्णय घेतला आणि का, एवढंच तो शोधतो.

तेच वाक्य मग असं झालं: "110 मिमीच्या एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) पाइपमध्ये घर्षणाने इतकं हेड (पाण्याचा दाब) जात होतं की शेवटच्या टँकरला धार लागत नव्हती. मी हिशेब करून 160 मिमी सुचवला. तेवढ्याच प्रवाहाला लॉस साधारण सहापट कमी झाला. खर्च वाढतो म्हणून ठेकेदार नको म्हणाला, तेव्हा मी त्याला एका टँकरच्या भरण्याचा वेळ मोजून दाखवला." सीडीआर म्हणतात तो हा. त्यात कुठलीही थोरवी नाही, पण माणूस दिसतो. तयार सीडीआर विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. तिथे मजकूर सॉफ्टवेअरमधून तपासतात, आणि चोरी सापडली तर अर्ज नुसता नाकारून भागत नाही, पुढची काही वर्षं दारच बंद होऊ शकतं.

हे सगळं झालं तरी हातात येतो तो व्हिसाला लागणारा कागद. नोकरीचं गाडं वेगळं. क्वीन्सलँड राज्यात तर आरपीईक्यू ही तिथली इंजिनिअरची नोंदणी नसेल तर नोंदणी असलेल्याच्या थेट देखरेखीखालीच इंजिनिअरचं काम करता येतं. व्हिक्टोरियातही नोंदणीचा कायदा आहे, म्हणून कुठे उतरायचं ते ठरवण्याआधी हे बघा.

मी मेलबर्नला उतरलो आणि पाच महिने गोदामात रात्रपाळीला खोकी उचलली. घरी "ऑफिस चालूय" म्हणून सांगायचो. बायोडेटात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, सगळं होतं, ते काढलं. नुसतं 'ऑटोकॅड येतं' म्हणून कुणी विचारेना. तिकडे रस्ते-गटारांच्या डिझाइनला ट्वेल्व्ह-डी मॉडेल हे सॉफ्टवेअर चालतं. रात्रपाळीवरून येऊन ते शिकलो, तेव्हा कुठे एका छोट्या कन्सल्टन्सीत ड्राफ्टर म्हणून घेतलं. इंजिनिअर असून ड्राफ्टर? हो. मला त्याची लाज वाटली होती, आता वाटत नाही. आयएस कोड, म्हणजे आपली भारतीय मानकं, डोक्यात पक्के होते, त्यावर तिकडचे कोड तिथेच चढले.

पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत पाणीटंचाईचा विषय निघाला. मेलबर्नकरांनीही मोठा दुष्काळ काढलाय. 2008 मध्ये तिथे माणशी दिवसाला 155 लिटरचं 'टार्गेट 155' आलं होतं. मी म्हणालो, आमच्या खेड्यांत नळयोजनेचं उद्दिष्टच माणशी 55 लिटर आहे. आणि पाण्याच्या रेल्वेचं सांगितलं. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर 'स्थानिक अनुभव आहे का' हा प्रश्न त्या खोलीत निघाला नाही.

एक भानगड मात्र झालीच. तिकडे रेफरीला, म्हणजे तुमच्या कामाची खात्री देणाऱ्या जुन्या साहेबाला, खरोखर फोन करतात. मी लातूरच्या जुन्या साहेबांचा नंबर दिलेला. तिकडच्या हिवाळ्यात मेलबर्नला सकाळचे दहा, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. साहेबांनी झोपेत परदेशी नंबर पाहिला, लोनवाले समजून दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलून "नको म्हटलं ना!" मग मी घाईघाईने त्यांना मेसेज टाकला, कंपनीकडून दुसरी वेळ मागून घेतली, आणि साहेब दुपारी वीस मिनिटं भरभरून बोलले. तेव्हा रेफरीला आधी सांगून ठेवा, वेळ ठरवून द्या, आणि तुम्ही तिथे काय केलं होतं तेही आठवून द्या. साहेब लोक विसरतात.

हे ऐकून औशाच्या पोराने तिथल्या तिथे आपल्या साहेबांना फोन लावला. तो वाजत राहिला.