प्लेऑफची जर-तरची गणितं मांडताना या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की डॅलसकडच्या आमच्या मराठी ग्रुपवर अमेरिकन कॉलेज फुटबॉलची जर-तरची गणितं सुरू होतात, म्हणजे निवड कमिटी रँकिंग लावून प्लेऑफसाठी (शेवटच्या बाद फेऱ्यांसाठी) ज्या बारा टीम निवडते त्यात आपली येईल का, आणि दरवर्षी तीच चूक दिसते: "ते हरले ना, मग एक जागा मोकळी झाली, आपला नंबर लागला." अहो, ती जागा मोकळी राहत नाही, तिथे कोणीतरी येऊन बसतं, आणि कोण बसणार हे न बघताच लोक दुसऱ्याच्या हरण्यावर नाचायला लागतात.

डिसेंबर २०२५ चंच घ्या. आर्लिंग्टनला बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सची (टीमच्या गटाची) फायनल, टेक्सास टेक विरुद्ध बीवायू (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी). मित्राकडे सगळे जमलेलो, त्यात नोटर डेमचे कट्टर फॅन पण होते आणि टेकच्या प्रत्येक टचडाउनला ते उड्या मारत होते. मी फोनवर रँकिंग उघडून दाखवलं, बघा, दहावे तुम्ही, अकरावे बीवायू, बारावे मायामी, मधे बीवायू आहे म्हणून तुमची आणि मायामीची थेट तुलना टळतेय, तो हरून खाली गेला तर मायामी तुमच्या शेजारी येईल आणि ऑगस्टच्या शेवटी मायामीने तुम्हाला २७-२४ हरवलंय. कोणी ऐकेना. बीवायू ३४-७ हरला, मायामीच्या खाली गेला, आणि रविवारी कमिटीने दोन्ही १०-२ (दहा जिंकलेल्या, दोन हरलेल्या) टीम शेजारी ठेवून ती ऑगस्टची मॅच काढली. मायामी दहावी, नोटर डेम अकरावी आणि बाहेर, कारण शेवटच्या दोन जागा टुलेन आणि जेम्स मॅडिसन या कॉन्फरन्स चॅम्पियन टीमना गेल्या. अलाबामा मात्र जॉर्जियाकडून २८-७ हरूनही आत राहिली.

आपल्याला आयपीएलच्या पॉइंट्स टेबलची सवय, तिथे पॉइंट आणि रनरेट बघितला की विषय संपला. इथे माणसं बसून ठरवतात.

दुसरी चूक कॉन्फरन्स चॅम्पियन विसरण्याची. बारा जागांपैकी पाच चॅम्पियनना ठरलेल्या आहेत. २०२४ ला अलाबामाचे फॅन एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) हरावी म्हणून बसले असतील तर त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. क्लेमसनने शेवटच्या क्षणी ५६ यार्डांची किक मारून एसएमयूला ३४-३१ हरवलं, क्लेमसन चॅम्पियन म्हणून आत आली, एसएमयूही आतच राहिली, आणि बाहेर गेली ९-३ अलाबामा. एसएमयू जिंकली असती तर क्लेमसन आलीच नसती.

ज्यांना आपण हरवलंय त्यांचा राग बाजूला ठेवा, ते जिंकायला हवेत. २०२३ ला टेक्सासने अलाबामाला त्यांच्याच घरात ३४-२४ हरवलं होतं, म्हणून अलाबामाने जॉर्जियाला हरवल्यावर अलाबामाला आत घेताना टेक्सासला डावलणं कमिटीला कठीण होतं. तेव्हा जागा चारच होत्या, दोघी गेल्या, १३-० फ्लोरिडा स्टेट राहिली, कारण त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी होता. ते मला आजही पटत नाही.

एपी पोल (पत्रकारांच्या मतांचं रँकिंग) बघून भांडू नका, प्लेऑफशी त्याचा संबंध नाही.

सप्टेंबरमध्ये गणित मांडू नका, कमिटीचं पहिलं रँकिंगच नोव्हेंबरमध्ये येतं.

जुने नियम धरून बसू नका, २०२४ ला पहिल्या फेरीची सुट्टी वरच्या चार चॅम्पियनना होती, २०२५ पासून रँकिंगमधल्या पहिल्या चौघांना आहे.

आणि ॲपमधले प्लेऑफमध्ये जाण्याच्या शक्यतेचे टक्के. नवीन मंडळींना मॅच संपायच्या आत ६० टक्के, ४० टक्के असं काहीतरी हवं असतं, ते ग्रुपवर टाकलं की अभ्यास झाला. मी मंगळवारचं रँकिंग येईपर्यंत बोलत नाही, ते आलं की कागदावर आपल्या टीमच्या वरच्या चार आणि खालच्या चार टीम लिहितो, आणि प्रत्येकीसमोर ती हरली तर आपल्या शेजारी कोण येईल आणि त्याच्याशी आपली मॅच झाली होती का, एवढंच. त्यानंतर कोण हरावं ते ठरवा.