ढालवाल्याच्या मागची नाणी

उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेममध्ये नाण्यांच्या रांगेपुढे ढाल घेतलेला शत्रू उभा दिसला की समोरून वार करत बसू नका. ढाल फक्त तोंडासमोरची बाजू झाकते, म्हणून बऱ्याच गेममध्ये उत्तर एकच असतं: त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे उतरायचं आणि तो वळायच्या आत पाठीवर वार करायचा. वळायला त्याला क्षणभर लागतो. तेवढा वेळ पुरतो, पण फार लांब उतरलात तर नाही; अगदी त्याच्या टाचेजवळ उतरा.

छत खाली असेल तर उडी विसरा. थोडं मागे सरून त्याला हल्ला करू द्या. हात उगारताना ढाल बाजूला होते, तीच संधी. काही शत्रू मात्र ढाल वर-खाली हलवतात. १९८७ च्या ‘झेल्डा २’ या गेममधला आयर्न नकल हा चिलखतधारी शत्रू असाच. तिथे उडी मारून खाली येताना डोक्याच्या उंचीवर वार करणं सर्वांत खात्रीचं.

आणि नाणी आधी उचलायचा मोह टाळा! अरुंद फळीवर ढालीचा एक धक्का बसला तरी थेट खड्ड्यात जाता. खड्डा त्याच्या मागे असेल, तर मात्र त्यालाच तिकडे ढकलता येतं का, हे जरूर बघा.