गाडी ओढत नाही म्हणून डिझेल पंपाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा देवास नाक्यावर जुन्या मालट्रकचा मालक ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार घेऊन गेला, की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू थोडा वाढवून घ्या. आमच्या घरच्या सहा सिलिंडरच्या ट्रकवर हा उपाय एकदा केला गेला आणि त्याचे परिणाम आम्ही भोगले. त्यामुळे त्या स्क्रूपर्यंत पोहोचण्याआधी घरच्या अंगणात काय काय तपासता येते, आणि कोणते काम घरी मुळीच करू नये, हे येथे सविस्तर लिहीत आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट (म्हणजे डिझेल ढकलणारा प्लंजर आणि त्याचे नळकांडे) असलेल्या यांत्रिक इनलाइन पंपापुरतेच हे विवेचन आहे. कॉमन रेलच्या गाडीत डिझेलचे प्रमाण संगणक ठरवतो, त्यामुळे तेथे ते लागू पडत नाही.

पंपातला प्लंजर प्रत्येक वेळी तेवढाच वर जातो. त्याच्या अंगावर तिरकी खाच असते आणि रॅक, म्हणजे पंपातली दातेरी पट्टी, पुढेमागे सरकली की प्लंजर आपल्याभोवती फिरतो. खाच नळकांड्याच्या भोकासमोर लवकर आली तर डिझेल कमी जाते, उशिरा आली तर जास्त. शिसे लावून सीलबंद केलेला फुल लोडचा स्क्रू एवढेच ठरवतो की रॅकने जास्तीत जास्त कोठपर्यंत जावे. तो फिरवल्याने डिझेल वाढते, हवा वाढत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, परंतु सिलिंडरमध्ये दोन्हींचे मिश्रण कधीच एकजीव होत नसल्याने धूर त्याच्या बराच आधी सुरू होतो. टर्बो नसलेल्या इंजिनात तर हवेची मर्यादा ठरलेलीच असते. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईच्या मानाने सुमारे 5 टक्के विरळ आहे. मुंबईला धुराच्या अगदी काठावर बसवलेला पंप माळव्यात आल्यावर काळा धूर सोडू लागला, तर त्यात नवल नाही.

आमच्या गाडीचा स्क्रू एका मिस्त्रीने दोन पूर्ण फेरे आत घेतला. पहिले काही दिवस गाडी खरोखरच चांगली धावली. पुढे खंडव्याहून कापूस भरून येताना भेरूघाट चढताना मागची गाडी दिसेनाशी होईल इतका धूर येऊ लागला, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्या ऑइलला डिझेलचा वास होता. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होते. इंजिन उघडले तेव्हा दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले निघाले. मूळ दोष मात्र पंपात नव्हताच. तो टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या जाळीत होता.

म्हणून सुरुवात टाकीपासून करावी. टाकीतून येणारी नळी जेथे फीड पंपाला जोडली जाते, तेथील बँजो बोल्ट (ज्याच्या आतून डिझेल जाते तो पोकळ बोल्ट) खोलला की बहुतेक पंपांत लहानशी जाळी हाती लागते. आमच्या जाळीत जुन्या रबरी नळीच्या आतल्या थराचा, नखाएवढा काळा पापुद्रा चिकटलेला होता. गाडी उभी असताना तो जाळीला अर्धवट झाकत असे. पूर्ण थ्रॉटलवर ओढ वाढली की तो जाळीवर घट्ट बसे आणि इंजिन उपाशी राही. असा दोष आयडलवर कधीच कळत नाही. जाळी स्वच्छ करून, तांब्याची वॉशर नवीन घालूनच बोल्ट कसावा, आणि डिझेलचे दोन्ही फिल्टर त्याच वेळी बदलावेत.

यानंतर डिझेलच्या नळीत हवा शिरते का ते तपासावे. टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये हातभर लांबीची पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी तात्पुरती क्लिपने बसवावी आणि इंजिन चालू करून रेस वाढवत तिच्याकडे नीट पाहावे. बुडबुड्यांची माळ दिसली तर ओढीच्या बाजूला कोठेतरी हवा शिरते आहे. या बाजूची गळती शोधणे अवघड असते, कारण चालू इंजिनात तेथून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. दोष काढल्यावर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारावा, फेस जाऊन अखंड डिझेल येऊ लागले की तो कसावा, आणि मग पंपावरच्या ब्लीड स्क्रूवर हेच करावे. जादा डिझेल परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली असेल तर पंपाच्या गॅलरीत (प्लंजरना डिझेल पुरवणाऱ्या पोकळीत) दाब टिकत नाही आणि जास्त आरपीएमवर प्लंजर पूर्ण भरत नाहीत. हा सुटा भाग बदलायला सोपा आहे, तरीही त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

आता इंजिन बंद ठेवून घरच्या कोणाला तरी केबिनमध्ये बसवावे, पेडल पूर्ण दाबायला सांगावे आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते स्वतः पाहावे. स्टॉप केबल अर्धवट ओढलेली राहिली असेल तर रॅक पूर्ण जात नाही, हेही याच वेळी दिसते. एअर फिल्टरबद्दल वेगळे सांगायला नको.

सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोजलची प्राथमिक परीक्षा आयडलवर करता येते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड हातमोजे घालून, नटवर कापड धरून, एकेका सिलिंडरच्या हाय प्रेशर पाइपचा नट किंचित सैल करावा. इंजिनचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतो आहे. बदलला नाही तर त्याचे नोजल, एलिमेंट किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी गेलेले आहे. नोजल बाहेर काढून त्याचा फवारा हातावर घेऊन पाहण्याची सवय काही ठिकाणी आजही दिसते. ती जिवावर बेतू शकते. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखत नसले तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

गाडी अजूनही ओढत नसेल तर टायमिंग, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये नेमके कधी सोडले जाते ते, पाहावे. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून, पंपावरच्या त्याच्या डिलिव्हरी होल्डरमधला (हाय प्रेशर पाइप जेथे जोडला जातो त्या भागातला) व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढून स्वच्छ वाटीत ठेवावे, होल्डर परत बसवून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी लावावी आणि लिव्हर फुल थ्रॉटलला बांधावा. डिझेल वरून उतरू द्यावे आणि इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच सावकाश फिरवावे. धार बारीक होत होत थेंबांवर आली, तो क्षण इंजेक्शनच्या सुरुवातीचा. त्या वेळी फ्लायव्हीलवर किती अंश दिसतात ते इंजिनच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. खूण ओलांडली गेल्यास पाव फेऱ्याहून अधिक मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, नाहीतर गिअरमधली ढिलाई मोजमाप चुकवते. पंपाचे अंग लांबट भोकांत फिरवण्याची सोय असेल, तर त्याच्या शाफ्टच्या उलट दिशेला फिरवल्याने टायमिंग पुढे येते. हे सगळे घरी जमते. घाई मात्र करू नये.

येथे घरचे काम संपते. पंप उघडणे, एलिमेंट बदलणे आणि फुल लोडचा स्क्रू हलवणे ही कामे टेस्ट बेंचवरच (पंप गाडीबाहेर चालवून मोजण्याच्या यंत्रावरच) व्हावीत, याचे कारण साधे आहे: झिजलेली एलिमेंट सारखी झिजत नाहीत. स्क्रू सर्वांना एकाच मापाने वाढवतो, त्यामुळे चांगल्या एलिमेंटचा सिलिंडर डिझेलने भरून जातो आणि जुन्याचा कमीच राहतो. बेंचवर काचेच्या नळ्यांत प्रत्येकाचे डिझेल ओळीने दिसते आणि फरक डोळ्यांनी पाहता येतो. शिवाय घरी उघडलेल्या पंपाची रॅक जोडताना अडकली, तर इंजिन सुसाट सुटते आणि चावी किंवा स्टॉप केबल त्याला थांबवू शकत नाही. त्या वेळी हवेची नळी सपाट लाकडी फळीने बंद करावी लागते, हाताने कधीही नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपासून गाडी दूर नेणारे फेरफार मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 च्या कक्षेत येतात, आणि बीएस-4 पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी पीयूसीमध्ये धुराची (तो प्रकाश किती अडवतो त्या मापाची) मर्यादा 2.45 प्रति मीटर आहे. वाढवलेल्या स्क्रूची गाडी येथे सहज अडकते.

बेंचवाल्याकडे जाताना पंपावरच्या पट्टीवरील पूर्ण क्रमांक लिहून न्यावा आणि त्याच क्रमांकाच्या तक्त्याप्रमाणे कॅलिब्रेशन मागावे, ‘जरा जास्त’ असे सांगू नये. प्रत्येक सिलिंडरचे आकडे कागदावर घ्यावेत आणि स्क्रूला नवे शिशाचे सील आपल्या डोळ्यांसमोर लावून घ्यावे. आमच्या पंपाचे काम झाल्यावर पहिल्या फेरीत भेरूघाटावर मी आरशातच पाहत होतो. मागची गाडी सगळा चढ स्पष्ट दिसत राहिली, आणि गाडी पूर्वीपेक्षा एका गिअरने वर चढली.