उपवनच्या काठावर आजच्या वेशातले ‘हॅम्लेट’

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’सारखे सूडनाट्य उघड्यावर करायचे ठरले की संहितेच्याही आधी मावळती पाहावी. ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर प्रयोग असेल, तर पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्यामुळे पंचांगातल्या वेळेआधीच ऊन जाते. म्हणून त्याच दिवसांत एका संध्याकाळी तिथे बसून उजेड कसा ओसरतो ते टिपून घ्यावे, आणि हॅम्लेटच्या खून झालेल्या बापाचे भूत नेमके अंधारून येताना प्रवेश करेल अशी सुरुवातीची वेळ ठरवावी. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई असते आणि मूळ नाटक सुमारे ४,००० ओळींचे आहे. तेव्हा ते अडीच तासांपर्यंत छाटावे लागते. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) या रूपांतराची भाषा भारदस्त आहे, परंतु आजच्या कपड्यांशी ती झगडते. बोलण्याच्या मराठीतला अनुवाद घेणे मला योग्य वाटते. महापालिका, पोलीस आणि नाटकाची संहिता तपासणारे परिनिरीक्षण मंडळ यांच्या परवानग्यांसाठी वेळेत अर्ज करावेत.

खरा विचार वेशाचा करावा लागतो. मूळ नाटकात राजपुत्र काळ्या कपड्यांत शोक करतो. आपल्याकडे शोकाचा रंग पांढरा. हॅम्लेटची आई आणि काका या दीर-भावजयीच्या लग्नाच्या मेजवानीत, पैठण्या आणि बंदगळ्याच्या कोटांच्या गर्दीत, हॅम्लेट एकटाच चुरगळलेल्या पांढऱ्या सदऱ्यात उभा राहिला, तर तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते, शिवाय मंद प्रकाशातही तो डोळ्यांआड होत नाही.

पात्रांच्या हाती पिस्तूल देण्याचा मोह टाळावा. अखेरच्या द्वंद्वात तलवारींची अदलाबदल होऊन विषारी पाते मारणाऱ्यावरच उलटते, ते पिस्तुलाने साधणार नाही. मुळात ते द्वंद्व म्हणजे पैज लावून खेळलेला सामना आहे. त्यामुळे तलवारबाजीच्या खेळातले पांढरे जाकीट, जाळीचा मुखवटा आणि बोथट टोकाची पाती तिथे चपखल बसतात, आणि जाकिटावरचा लाल डाग लांबूनही दिसतो. हिवाळ्यात तोवर मंचावर दव पडू लागते, म्हणून तालमी त्याच बुटांत, त्याच वेळी घ्याव्यात. राजाचा मंत्री पोलोनियस ज्या पडद्याआड मारला जातो, त्याच्या खालच्या दुमडीत वाऱ्यासाठी साखळी शिवावी.

उघड्यावर दर्शनी पडदा नसतो आणि शेवटी मंचावर चार प्रेते पडलेली असतात. शेक्सपिअरच्या रंगमंचालाही असा पडदा नव्हता; म्हणूनच नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास येऊन प्रेते उचलण्याची आज्ञा देतो. संहिता छाटताना या पात्रावर कात्री चालवू नये. हॅम्लेटला चौघांनी खांद्यावर घेऊन प्रेक्षकांमधल्या वाटेने न्यावे, बाकीच्या तिघांना मागोमाग न्यावे, आणि शेवटचा माणूस झाडांआड जाईपर्यंत रिकाम्या मंचावरचा प्रकाश तसाच ठेवावा.