सिप लाइनची एखादी सोय कंपनीने बंद केली, तर तपासायचं कुठून

सिप लाइन म्हणजे इंटरनेटवरून चालणारी, कंपनीच्या सर्व्हरला जोडलेली फोनची लाइन. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातली गुळाची पेढी असो की शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं ऑफिस, तक्रार एकाच वाक्यात येते : "फोन बंद पडलाय." एवढ्यावरून काहीच कळत नाही. इनकमिंग बंद आहे का आउटगोइंग? रिंग वाजते पण आवाज येत नाही? आवाज येतो, पण बँकेच्या आयव्हीआरमध्ये ("अमुकसाठी दोन दाबा" म्हणणाऱ्या यंत्रात) कळ दाबली तर ती लागत नाही? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा. अशा वेळी बहुधा कंपनीचा मेल आधीच येऊन पडलेला असतो, "अमुक तारखेपासून ही सुविधा उपलब्ध राहणार नाही", आणि ज्या पत्त्यावर तो येतो तो पत्ता ऑफिसात कुणी उघडत नाही. राउटरच्या रीसेटच्या भोकात टाचणी घालण्याआधी तो मेल शोधा. रीसेट केलं तर फायबरवाल्याने ओएनटीत (फायबर येऊन संपते त्या डब्यात, बऱ्याचदा राउटर त्यातच असतो) भरलेली व्हीएलएएन आणि पीपीपीओईची, म्हणजे नेट जोडण्याची, माहिती पुसली जाते, मग फोनबरोबर नेटही जातं.

हात लावण्याआधी फोन, पीबीएक्स (ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज) आणि राउटर यांच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलने फोटो काढा. कॉन्फिगची (सगळ्या सेटिंगची) फाइल उतरवता येत असेल तर उतरवून ठेवा. पुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच कॉल लावून बघायचा.

दोष आपल्याकडे की पलीकडे

मोबाइलवर लिनफोन किंवा झॉयपर हे सिपचं ॲप टाका. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच युजरनेम, तोच पासवर्ड, तेच डोमेन भरा. रजिस्टर झालं, म्हणजे सर्व्हरने ओळखलं, तर सर्व्हर आणि खातं ठीक आहे, घोळ ऑफिसातल्या राउटरचा किंवा फोनचा. नाही झालं तर ऑफिसातला राउटर उगाच उचकटू नका.

ही चाचणी दोन ठिकाणी फसवते. फायबरच्या ओएनटीला मागे फोनचं भोक असतं, त्यावरचा लँडलाइन नंबर कंपनीच्या खासगी नेटवर्कमधून चालतो; बाहेरून त्याचा सर्व्हर बहुधा दिसतच नाही. दुसरं, काही ट्रंकला (एका वेळी अनेक कॉल नेणाऱ्या लाइनला) पासवर्ड नसतो, तुमचा स्टॅटिक आयपी (नेटवरचा न बदलणारा पत्ता) ओळखून कॉल घेतले जातात. अशी लाइन मोबाइल डेटावर लागणारच नाही, आणि नेटची कंपनी बदलल्यावरही ती याच कारणाने बंद पडते.

फोनच्या स्टेटसच्या पानावर किंवा लॉगमध्ये सर्व्हरच्या उत्तराचा कोणता तीन आकडी सिप आकडा येतो ते बघा. ४०१ किंवा ४०७ दिसला म्हणून घाबरू नका. सर्व्हर पासवर्ड विचारतोय एवढाच त्याचा अर्थ, त्यामागे २०० (होकार) आला की झालं. ४०३ म्हणजे नकार : पासवर्ड चुकीचा, खातं बंद, किंवा तुमच्याकडच्या प्रकारचं उपकरण कंपनीने घेणं थांबवलं. ४०४ आला तर त्या डोमेनवर तो नंबर नाही किंवा नंबर लिहायची पद्धत बदलली. ४०८ किंवा नुसतीच शांतता म्हणजे पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) किंवा ट्रान्सपोर्ट (पॅकेट पाठवायची पद्धत) चुकलाय. ४८८ म्हणजे कोडेक (आवाज आकड्यांत बांधायची पद्धत) किंवा एन्क्रिप्शन जुळत नाही.

४०३ येत असेल तर आधी सगळे फोन बंद करा. ऑफिसातले बारा फोन दर मिनिटाला जुन्या पासवर्डने ठोठावत राहिले तर सर्व्हर तुमचा आयपीच काही काळ अडवतो. मग बरोबर पासवर्ड टाकूनही लागत नाही, आणि माणूस बरोबर असलेलं सेटिंग बदलत बसतो.

साधं यूडीपी बंद झालं असेल

सुरक्षेसाठी कंपन्या ५०६० पोर्टवरचं यूडीपीने जाणारं उघडं सिप बंद करून ५०६१ वर टीएलएस (कुलूपबंद जोडणी) सक्तीचं करतात. फोनमध्ये तीन ठिकाणी बदल लागतो. ट्रान्सपोर्ट टीएलएस आणि पोर्ट ५०६१ करा. सर्व्हरच्या जागी आयपीचा आकडा असेल तर काढून नाव लिहा, कारण सर्व्हरच्या ओळखीचं प्रमाणपत्र नावावर दिलेलं असतं. आवाजासाठी एसआरटीपी (आवाजाचं एन्क्रिप्शन) सुरू करा. कंपनीने ते सक्तीचं केलं असेल तर "ऑप्शनल" ठेवून भागेलच असं नाही, "मँडेटरी" करा. रजिस्टर होतंय पण प्रत्येक कॉलला ४८८ येतोय, तर बोट इथेच ठेवायचं.

एवढं करूनही टीएलएस जोडत नसेल तर फोनचं घड्याळ बघा. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच डेस्क फोनमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज जाऊन आली की फोन १९७० किंवा २००० सालात उठतो, त्याच्या हिशेबाने सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, आणि तो जोडणी नाकारतो. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते, तेव्हा "सकाळी चालू होता, दुपारी बंद" याचं कारण हेच निघू शकतं. एनटीपी सर्व्हर (नेटवरून वेळ देणारा) भरा, टाइमझोन साडेपाच तास पुढे ठेवा, आणि ओएनटी, राउटर आणि फोनचा स्विच असे तिन्ही यूपीएसवर घ्या. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजकडून वीज मिळायची, फायबरला मिळत नाही.

घड्याळ बरोबर असेल तर फोनचं वय बघा. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले. फक्त तेवढंच समजणारा फोन नव्या सर्व्हरशी बोलू शकत नाही. काही फोनमध्ये मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी असते. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं ज्याच्या भरवशावर जुन्या उपकरणांत चालायची ते मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. फर्मवेअर (फोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून बघा. फर्मवेअरच मिळत नसेल तर मध्ये छोटा पीबीएक्स ठेवा : आतून फोनशी साधं यूडीपी, बाहेर कंपनीशी टीएलएस. दहा जुने फोन फेकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

कोडेक काढला असेल

जी.७२९ हा कोडेक बंद झाला की कॉल लागताच तुटतो किंवा ४८८ येतो. यादीत जी.७११ ए-लॉ सगळ्यात वर घ्या, फोनमध्ये तो पीसीएमए नावाने दिसेल. भारतात ए-लॉच चालतो, म्यू-लॉ वर ठेवण्यात काही फायदा नाही. फरक पडतो तो बँडविड्थमध्ये : जी.७२९ ला इथरनेटवर एका बाजूला साधारण ३१ केबीपीएस लागायचे, जी.७११ ला ८७ लागतात. एकाच वेळी दहा कॉल म्हणजे जवळपास ०.९ एमबीपीएस, तेही अपलोडला. फायबरवर हे कुणाला जाणवणार नाही. गोकुळ शिरगावच्या एखाद्या शेडमध्ये ४जी राउटरवर फोन चालत असतील आणि त्याच लाइनवरून सीसीटीव्हीचं फुटेज वर जात असेल, तर आवाज तुटणारच. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा आणि फोनला पहिला मान द्या.

आवाज एकाच बाजूला, किंवा कॉल ठरावीक वेळी तुटतो

सर्व्हर बदलला की राउटरमधली जुनी दुखणी वर येतात. सगळ्यात आधी सिप एएलजी बंद करा. मदतीसाठी दिलेली ही सोय पॅकेटमधले पत्ते चुकीचे बदलून ठेवते. ओएनटी आणि तुमचा स्वतःचा राउटर, दोन्हींत बघा. आणि दोघेही आयपी वाटत असतील तर ओएनटी ब्रिज मोडवर (आयपी न वाटता नेट नुसतं पुढे देणाऱ्या) घ्या.

किती वेळाने तुटतो ते घड्याळ लावून मोजा. बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर कॉल उचलल्याची पोच सर्व्हरपर्यंत जात नाही. सिपमध्ये अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट बघून कॉल सोडून देतात. हे काम एएलजीचं किंवा चुकीच्या बाहेरच्या पत्त्याचं. पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने तुटत असेल तर सेशन टायमर बघा, त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद असते आणि निम्म्यावर नूतनीकरण होतं.

फोन केल्यावर नीट बोलणं होतं, पण पाच मिनिटं शांत बसला की इनकमिंग येत नाही? राउटरने यूडीपीची वाट बंद केलेली असते, कित्येक राउटर ती ३० सेकंदांतच बंद करतात. कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारं छोटं पॅकेट) २० सेकंदांवर आणि रजिस्ट्रेशनची मुदत ३०० सेकंदांवर आणा. राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एका आयपीच्या, मागे आहात. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. कीप-अलाइव्हवर भागवा, नाहीतर स्टॅटिक आयपी घ्या.

कळा आणि फॅक्स

आयव्हीआर कळा ओळखत नसेल तर डीटीएमएफ (कळांचे सूर पाठवायची पद्धत) "आरएफसी २८३३" वर ठेवा, पेलोड १०१. सिप इन्फो किंवा इनबँड ही दुसरी पद्धत आधी चालत असेल, आता चालेलच असं नाही. दोन पद्धती एकदम सुरू ठेवल्या तर एका ५ चे दोन ५ जातात आणि ग्राहक क्रमांक चुकीचा म्हणून परत येतो.

टी.३८ (नेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) काढला असेल तर फॅक्स जी.७११ वर, ९६०० वेगाने, ईसीएम (चूक-दुरुस्ती) आणि इको कॅन्सलेशन बंद करून जाऊ शकतो. एक पान जाईल, पाचवं अडकेल. स्कॅन करून मेल करा.

नंबर लावायची पद्धत

सर्व्हर बदलताना कंपन्या नंबरचा साचाही बदलतात, आणि मग फक्त आउटगोइंग बंद पडतं. पीबीएक्सच्या डायल प्लॅनमध्ये दोन नियम तपासा. कोल्हापुरातला सात आकडी नंबर दाबला तर पुढे ०२३१ लागला पाहिजे. कंपनीला आंतरराष्ट्रीय साचा हवा असेल तर शून्य काढून +९१२३१. मोबाइलच्या दहा आकड्यांपुढे लँडलाइनवरून शून्य हवाच, १५ जानेवारी २०२१ पासून तसा नियमच आहे.

बाहेरची उपकरणंच बंद केली असतील

कंपनीने "फक्त आमचं ॲप" असं ठरवलं असेल तर कोणत्याही सेटिंगने ते सुटत नाही. ओएनटीला फोनचं भोक असेल तर तिथून तार घेऊन गेटवेतून (फोनची तार आणि सिप यांना जोडणाऱ्या डब्यातून) पीबीएक्सला जोडता येते. राजारामपुरीत दुकानात नुसतं "फोनचा ॲडॅप्टर द्या" म्हटलं तर एफएक्सएस हातात पडेल, तो फोन जोडायला असतो. लाइन आत घ्यायला एफएक्सओ लागतो. खोक्यावर हे अक्षर वाचूनच पैसे द्या.

एफएक्सओमध्ये देश "भारत" निवडा. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. अमेरिकन सेटिंग राहिलं तर समोरच्याने फोन ठेवल्याचं गेटवेला कळत नाही, लाइन अडकून बसते आणि दिवसभर नंबर एंगेज लागतो.

सर्व्हरवरचं कॉल फॉरवर्डिंग काढलं असेल तर तेच काम पीबीएक्सवरून होतं, पण एका कॉलला दोन चॅनल खर्च होतात, आणि मोबाइलवर बहुधा ग्राहकाऐवजी तुमचाच ऑफिसचा नंबर दिसतो. या अडचणीवर कुणी सिमबॉक्स (बरीच सिम घालून कॉल सोडायचा डबा) सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. इंटरनेटवरचे कॉल सिममधून देशातल्या नेटवर्कात सोडणं गुन्हा आहे.

तरीही लागत नसेल तर कंपनीला "फोन बंद" म्हणून कळवू नका. कॉलची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, कुठून कुठे लावला, आलेला सिप आकडा, लॉगमधला कॉल-आयडी आणि तुमचा सध्याचा बाहेरचा आयपी एवढं एका मेलमध्ये पाठवा आणि डॉकेट (तक्रारीचा) नंबर मागून घ्या. पहिल्या पायरीवरचा माणूस राउटर बंद करून सुरू करायला सांगेल. तसं एकदा करा, आणि मेल पुढच्या तांत्रिक विभागाकडे द्यायला सांगा.